पाडण्याआधी एकदा पाहू या!



रत्नागिरीजवळचे पणजोबांचे घर बाबांनी काका-आत्यांचे हिस्से विकत घेऊन नुकतेच ताब्यात घेतले. कौले फुटली आहेत, वाशांना वाळवी लागली आहे, पडवी खचली आहे. सगळे म्हणतात, "पाडा आणि स्लॅबचे बांधा." आम्हा भावंडांना हे पटत नाही.

त्याचे कारण आम्हाला इथे दुबईतच सापडले. अल फहिदीची जुनी घरे तुम्ही पाहिली असतील. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांच्या जाड भिंती, आणि वरचा वारा पकडून खोलीत उतरवणारे बारजील मनोरे! १९८० च्या दशकात यातली बरीच घरे पाडली गेली. १९८९ मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी ही वस्ती पाहिली, तिचे कौतुक केले आणि उरलेली घरे वाचली. पुढे त्यांची डागडुजी झाली.

इथे जसे प्रवाळ, तसा आपल्या कोकणात जांभा. म्हणून आमचा बेत असा : जांभ्याच्या भिंती ठेवायच्या, किडके वासे बदलायचे, धड कौले पुन्हा वापरायची. न्हाणीघर आणि संडास मात्र नवे हवेत, आजीचे गुडघे दुखतात.

बाबा विचारतात, "दरवर्षी पावसाआधी शाकारणी कोण करणार?" प्रश्न खरा आहे. आपली सुट्टी जुलैत, भर पावसात. तेव्हा गावातल्या माणसाला दरवर्षी पैसे पाठवावे लागतील. ते आमच्या वाढदिवसाच्या खर्चातून घ्या! कुलूप लावून विसरलेले घर स्लॅबचे असले तरी गळतेच.

तुमच्या गावच्या घराचे काय ठरले? पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.