पाहुणे होऊन जावें

“डोंगरांतल्या खेड्यांत पाहण्यासारखें तें काय आहे?” सहलीची गोष्ट निघाली कीं कित्येक पालक असा प्रश्न करितात. प्रश्न अगदींच गैर नाहीं. परंतु त्याचें उत्तर खेड्यापेक्षां जाणाऱ्याच्या दृष्टीवर अधिक अवलंबून असतें, असें आमचें मत आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत कळसूबाईचें शिखर आहे. १६४६ मीटर उंचीचें हें शिखर महाराष्ट्रांत सर्वांत उंच होय. त्याच्या पायथ्याच्या खेड्यांतून मुख्यत्वें महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. ज्येष्ठाच्या आरंभीं कांहीं विद्यार्थ्यांसह आम्ही तिकडे गेलों असतां एका घरीं नाचणीची भाकरी व ठेचा असें प्रेमाचें जेवण मिळालें. अंगणापलीकडे शेताचा एक तुकडा काळाठिक्कर पडलेला होता. एका मुलानें विचारलें, “आजी, हें शेत कशानें जळालें?”

आजी हंसून म्हणाल्या, “जळालं न्हाई बाळा, भाजलंय. ह्याला राब म्हणत्यात. ह्याच राखेत भाताचं रोप व्हतंय.”

उन्हाळ्यांत पालापाचोळा व फांद्या पसरून ती जमीन भाजावयाची. त्यानें तणाचें बीं मरतें, राखेचें खत होतें. मग पावसाच्या तोंडावर तेथें भात पेरून रोपें तयार झालीं कीं खाचरांत त्यांची लावणी करावयाची. रोज भात खाणाऱ्या आमच्या मुलांना हें ठाऊक नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही पुरतें ठाऊक नव्हतें. मागासलेले कोण, हा प्रश्न त्या अंगणांत आमच्याच अंगावर आला.

याच तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंड पाहिलें नाहीं. तरी गांवठी वाणांचें बियाणें जतन करण्याच्या कार्याबद्दल त्यांना २०२० सालीं ‘पद्मश्री’ जाहीर झाली. संस्कृति म्हणजे केवळ नाच-गाणें व रंगीत लुगडीं नव्हेत; ती अशी बियाण्याच्या मडक्यांतही असते.

म्हणून तेथील जीवन रम्यच आहे असें मानणें हाही अन्यायच होईल. जेथें पावसाळ्यांत धो धो पाऊस कोसळतो, तेथेंच उन्हाळ्यांत बायांना हंडे घेऊन दूरवर पायपीट करावी लागते, आणि तरुणांना पोटासाठीं गांव सोडावा लागतो. हेंही मुलांनीं पाहिलें पाहिजे.

त्या रात्रीं आम्ही काजवे पाहिले. झाडेंच्या झाडें लुकलुकत होतीं. इतक्यांत मोटारींची रांग आली. दिव्यांचे झोत पडले, कर्णे वाजूं लागले. काजव्याचा प्रकाश ही जोडीदारास घातलेली साद असते. आपल्या उजेडांत ती हरवते, आणि पुढील पिढीचा जन्मच खुंटतो. जें पाहावयास माणसें आलीं, तेंच त्यांच्या येण्यानें नाहींसें होऊं लागावें, याहून दुःखाची गोष्ट कोणती?

कोणी म्हणेल, पाहुण्यांमुळें गांवकऱ्यांना चार पैसे मिळतात. खरें आहे, ते अवश्य मिळावेत, आणि जेवणाचें मोल घासाघीस न करितां द्यावें. परंतु पैसे दिल्यानें कोणाचें घर आपलें प्रदर्शन होत नाहीं. विचारल्यावांचून कोणाचें छायाचित्र घेऊं नये, आपला कचरा आपण परत न्यावा, आणि रात्रीचा काळोख काळोखच राहूं द्यावा.

पालकांस आमची विनंती आहे, कीं मुलांना अशा गांवीं अवश्य पाठवावें. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही जाल तेव्हां प्रेक्षक होऊन जाऊं नका. पाहुणे होऊन जा. चांगल्या पाहुण्याची खूण एकच: तो गेल्यावर यजमान म्हणतो, “पुन्हां या.”