लाल पक्षाचा लगाम कोणाच्या हाती?

१/ २००२ सालच्या ‘मिलेनियम चॅलेंज’ या अमेरिकी युद्धसरावाची कथा नेहमी एकाच थाटात सांगितली जाते : एका निवृत्त सेनानीने मोटारसायकलवरच्या निरोप्यांच्या बळावर महासत्तेचे आरमार बुडवले. कथा रंजक आहे, पण अपुरी आहे. आरमार बुडाल्यानंतर सरावाच्या नियंत्रकांनी जे केले, त्यातच या प्रकरणाचा खरा धडा आहे.

२/ हा सराव २४ जुलै ते १५ ऑगस्ट असा चालला. सुमारे १३,५०० जणांचा सहभाग आणि २५ कोटी डॉलरचा खर्च. आयोजक होती अमेरिकेची जॉइंट फोर्सेस कमांड. निळा पक्ष म्हणजे अमेरिकी सेना, लाल पक्ष म्हणजे आखातातील एक काल्पनिक शत्रुराष्ट्र. लाल पक्षाचे नेतृत्व मरीन दलाचे निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होते.

३/ निळ्या पक्षाने आरंभीच लाल पक्षाचे मायक्रोवेव्ह मनोरे आणि फायबर ऑप्टिकच्या तारा निकामी केल्या. अपेक्षा अशी, की शत्रू आता उपग्रह फोन आणि मोबाइल वापरील आणि त्याचे बोलणे आयते ऐकू येईल. व्हॅन रायपर यांनी ती अपेक्षा फोल ठरवली. आज्ञा मोटारसायकलस्वारांकरवी गेल्या, विमानांना दुसऱ्या महायुद्धातल्याप्रमाणे दिव्यांनी इशारे मिळाले आणि अजानीच्या आवाहनात सांकेतिक निरोप गुंफले गेले.

४/ निळ्या पक्षाने शरणागतीचा निर्वाणीचा खलिता धाडला. उत्तरादाखल लाल पक्षानेच पहिला वार केला : क्षेपणास्त्रांचा एकवट मारा आणि पाठोपाठ लहान नौकांचे हल्ले. संगणकाच्या हिशेबात विमानवाहू नौकेसह १६ जहाजे बुडाली. खऱ्या युद्धात २०,००० च्या आसपास माणसे बळी पडली असती.

५/ नियंत्रकांनी बुडालेली जहाजे पुन्हा तरंगवली. इथवर त्यांना दोष देता येत नाही. हजारो सैनिक प्रत्यक्ष मैदानावर होते, सरावाचे बरेच दिवस शिल्लक होते. पहिल्याच डावात खेळ संपवला असता, तर बाकीच्यांची तालीम वाया गेली असती. डाव पुन्हा मांडणे ही फसवणूक नव्हे.

६/ फसवणूक पुढे झाली. लाल पक्षाला हवाई संरक्षणाचे रडार चालू करून उघड्यावर ठेवण्यास सांगण्यात आले, म्हणजे निळ्या पक्षाला ते टिपता यावे. छत्रीधारी सैनिक उतरवणाऱ्या विमानांवर मारा करण्यास मनाई झाली. काही तुकड्यांचे ठावठिकाणे उघड करण्याचेही आदेश निघाले. व्हॅन रायपर यांच्या आज्ञा डावलून त्यांच्याच हाताखालच्या अधिकाऱ्यामार्फत परस्पर सूचना जाऊ लागल्या. सहा दिवसांतच त्यांनी नेतृत्व सोडले.

७/ यातला विरोधाभास ध्यानात घ्यावा. लाल पक्षाची आज्ञा-नियंत्रण व्यवस्था शत्रूला मोडता आली नाही. ती मोडली पंचांनी. अब्जावधी डॉलरच्या उपकरणांना जे साधले नाही, ते नियंत्रण कक्षातल्या एका हुकमाने साधले. आणि अखेरीस नवे युद्धतंत्र यशस्वी ठरल्याचा निर्वाळा देण्यात आला!

८/ टीकाकारांचा एक आक्षेप असा, की निरोप्यांच्या प्रवासाला लागणारा वेळ संगणकीय प्रतिरूपात नीट धरलाच नव्हता. क्षणभर तो खरा मानू. मग उपाय उघड होता : प्रत्येक निरोपाला रास्त विलंब लावायचा. नियमातली चूक नियम सुधारून काढतात; प्रतिपक्षाला रडार उघडे ठेवायला लावून नव्हे. पुढे खुल्या झालेल्या अधिकृत अहवालानेही मान्य केले, की लाल पक्षाचे स्वातंत्र्य आकुंचित होत गेले आणि शेवट आधीच लिहिल्यासारखा झाला.

९/ हा रोग केवळ अमेरिकी नव्हे आणि नवाही नव्हे. मे १९४२ मध्ये ‘यामातो’ या युद्धनौकेवर जपानी नौदलाने मिडवे मोहिमेची पटावरची तालीम केली. पंचांच्या फाशांनी नऊ बॉम्ब लागल्याचा आणि ‘अकागी’, ‘कागा’ बुडाल्याचा कौल दिला. तालमीचे सूत्रधार रिअर अॅडमिरल उगाकी यांनी नऊचे तीन केले. ‘अकागी’ वाचली, बुडालेली ‘कागा’ही तालमीच्या पुढच्या टप्प्यात पुन्हा हजर झाली.

१०/ ४ जून १९४२ रोजी मिडवेजवळ ‘अकागी’ आणि ‘कागा’ काही मिनिटांच्या अंतराने पेटल्या आणि दोन्ही गमावल्या. फाशांना भविष्य कळत होते, असे मुळीच नाही. परंतु फासे जो प्रश्न विचारत होते, तो ऐकण्याची संधी सूत्रधारांनी स्वतःच्या हाताने दवडली.

११/ मग लाल पक्षाला मोकाट सोडावे काय? नाही. याचे उत्तर १९९७ च्या ‘एलिजिबल रिसीव्हर’ या सरावात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील एका लहान गटाला संरक्षण खात्याच्या संगणकजाळ्यांवर हल्ला करण्याची अधिकृत परवानगी मिळाली. अट अशी, की साधने कुणालाही उपलब्ध असलेलीच हवीत. वीजपुरवठ्यासारख्या नागरी यंत्रणांवरचा हल्ला केवळ कागदावर दाखवायचा होता.

१२/ म्हणजे बंधने होती, आणि कडक होती. पण ती हानी टाळण्यासाठी होती, निकाल ठरवण्यासाठी नव्हती. गट जाळ्यांत खोलवर शिरला. बहुतेक संरक्षकांना पत्ता लागला नाही. निकाल लाजिरवाणा होता, तरी तो पुसला गेला नाही. डिसेंबर १९९८ मध्ये संगणकजाळ्यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र संयुक्त कृतिदल उभे राहिले, त्यामागे या सरावाचा मोठा वाटा होता.

१३/ आजच्या रेड टीमपाशी मोटारसायकलींऐवजी कमांड अँड कंट्रोल सर्व्हर असतात, आणि त्यांना आडोसा देणारे मधले सर्व्हर असतात. लेखी परवानगी, ठरलेली कार्यकक्षा, प्रत्येक आज्ञेची नोंद, मुदत संपताच आपोआप बंद पडणारे प्रोग्राम : हे सारे लगाम आवश्यकच आहेत. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या २०१८ च्या ‘टायबर-ईयू’ चौकटीतही एक छोटा नियंत्रण गट सर्व जाणतो. संरक्षक मात्र अनभिज्ञ असतात.

१४/ याउलट, जी संस्था रेड टीमच्या सर्व्हरचे पत्ते संरक्षकांना आधीच देते, ती २००२ चा तोच हुकूम नव्या भाषेत देत असते : रडार चालू ठेवा, आम्हांला दिसले पाहिजे. अशा चाचणीतून उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळते, सुरक्षा मिळत नाही.

१५/ म्हणून पुढच्या वेळी मोटारसायकलींची कथा कुणी रंगवून सांगू लागला, तर दोनच प्रश्न विचारावेत. लगाम कोणाच्या हाती होता? आणि तो इजा टाळण्यासाठी ओढला गेला, की पराभव? सरावातला पराभव ही सैन्याला मिळणारी सर्वांत स्वस्त शिकवण असते. ती नाकारणाऱ्यांना तोच धडा पुढे खऱ्या रणांगणावर, खऱ्या माणसांच्या मोलाने शिकावा लागतो.