परकी गलबते आणि घरची पुंजी

खारेपाटणच्या इ. स. १००८ मधील शिलाहार ताम्रपटात परदेशी गलबतांवरील सुवर्णकराची नोंद आहे. पुढे खाडी गाळाने भरली आणि गलबतांनी पाठ फिरविली.

परक्या संपत्तीची ही रीत हजार वर्षांनी, २००८ साली, पुन्हा प्रत्ययास आली. जुलैत पिंपास १४७ डॉलरवर पोचलेले खनिज तेल डिसेंबरात ४० डॉलरांखाली उतरले. जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात आठ हजारांखाली घसरला. उदयोन्मुख बाजारपेठांचे गोडवे गाणाऱ्या परदेशी गुंतवणूकदारांनी अमेरिकी बँका कोसळताच येथला पैसा काढून नेला.

गलबतांना बंदर बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. कर घेऊन त्यांस येऊ देणारे शिलाहार शहाणेच होते. परंतु आयुष्यभराची पुंजी पाहुण्यांच्या उत्साहावर कोणी लावू नये. देशाचा भरवसा घरच्या बचतीवरच असावा.