पालथ्या वाटीवरचे पाणी

यंत्र घरात आले की कौशल्याची गरज संपली, असा एक सोयीचा समज आपल्या सुशिक्षित वर्तुळात रूढ आहे. डिशवॉशरच्या बाबतीत तो ‘कसेही कोंबा, स्वच्छ निघेल’ अशा शब्दांत ऐकू येतो. आमचा आक्षेप या बेफिकिरीला आहे. कारण तिची किंमत बेफिकीर माणूस स्वतः क्वचितच मोजतो.

इलिनॉयच्या जोसेफिन कॉक्रन यांनी १८८६ साली ज्या यंत्राचे पेटंट मिळवले, त्यात ताटल्या, कप आणि बशा यांच्या आकारांनुसार तारांचे कप्पे होते. म्हणजे रचना ही या यंत्रात नंतर आलेली बाब नव्हे. आजच्या यंत्रालाही हात नाहीत. फिरत्या पात्यांच्या छिद्रांतून उसळणारे गरम पाणी जिथे पोहोचत नाही, तिथले खरकटे तसेच राहते. म्हणून ताटे एकमेकांना न चिकटवता उभी करावीत, वाट्या एकीत एक न घालता तिरक्या पालथ्या घालाव्यात, आणि एखादा उंच झारा आडवा येत नाही ना, हे पाते बोटाने फिरवून पाहावे. पालथ्या घड्यावर पाणी हा आपल्याकडे निष्फळतेचा दाखला. येथे मात्र उताणी वाटीच घाण पाणी साठवून बसते.

भांडी आधी घासून मगच आत ठेवणारे सोवळेही आम्हांस मान्य नाही. खरकटे निपटून काढले की पुरे; डाळभाताचा लेप विरघळवणारी विकरे साबणात असतात. लोखंडी तवा, कल्हईची पातेली, पोळपाट-लाटणे मात्र बाहेरच ठेवावीत: एकाला गंज चढतो, दुसऱ्याची कल्हई खराब होते, तिसऱ्याला तडे जातात. भांडी काढताना खालचा कप्पा आधी रिकामा करावा, नाहीतर वरच्या पेल्यांच्या बुडांवर साचलेले पाणी खालच्या कोरड्या ताटांवर निथळते.

एवढ्या बारकाव्यांचा आग्रह कशासाठी? रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ च्या ग्रंथात दाखवले, की यंत्रे आली तरी गृहिणीचे काम ओसरले नाही. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७, असे आढळले. कोंबून भरलेल्या यंत्रातून निघालेली चिकट वाटी पुन्हा घासायला बहुधा कोण घेते, हे सांगायला नको. ‘मी मदत केली’ हे वाक्य म्हणणाऱ्याने काम केलेले नसते; ते दुसऱ्याच्या माथी मारलेले असते.

शब्दांच्या क्रमाने अर्थ बदलतो, हे आपण वर्गात शिकवतो. भांड्यांच्या क्रमाने कुणाची तरी संध्याकाळ बदलते, हे मान्य करायला मात्र आपली विद्वत्ता कचरते. आमची मागणी साधी आहे: ज्याने यंत्र भरले त्यानेच ते रिकामे करावे, आणि खरकटी निघालेली वाटी त्यानेच घासावी.