जबाबदारी परिचारिकेची, अधिकार मात्र इतरांचा

सरकारी रुग्णालयात दुर्घटना घडली वा रुग्ण दगावून नातेवाइकांचा उद्रेक झाला, की चौकशीतील पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्या वेळी पाळीवर कोण होते? उत्तर बहुधा परिचारिका हेच येते, कारण चोवीस तास रुग्णाच्या खाटेजवळ असणारा रुग्णालयातील घटक तोच आहे. त्या पाळीवर किती परिचारिका असायला हव्या होत्या, हा दुसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. राज्यातील परिचर्या सेवेचे मूळ दुखणे या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १० बालकांचा मृत्यू झाला. ७ बालकांना वाचविण्यात यश आले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तत्कालीन अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून ११ करोनाग्रस्तांचा बळी गेला. भंडाऱ्यात परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. नगरमध्ये एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर तीन परिचारिकांना अटक झाली. कर्तव्यात कसूर झाली असेल तर कारवाई व्हावी, याविषयी दुमत नाही. तथापि, विद्युत यंत्रणेची तपासणी, अग्निसुरक्षेची व्यवस्था आणि पाळीवरील मनुष्यबळ यांपैकी एकही बाब परिचारिकेच्या अखत्यारीत येत नाही. निर्णय एकाचे आणि उत्तरदायित्व दुसऱ्याचे, अशी ही विभागणी आहे.

रात्रपाळीचे गणित

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात दर ३ खाटांमागे एक, इतर रुग्णालयांत ५ खाटांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका अपेक्षित आहे. याशिवाय रजेची सोय म्हणून ३० टक्के जादा पदे धरली जातात. हे प्रमाण प्रत्येक पाळीचे न मानता एकूण पदांचे मानले, तरी ६० खाटांच्या कक्षाला रजा राखीव वगळून २० परिचारिका लागतात. तीन पाळ्यांत विभागल्यावर एका पाळीला सहा ते सात, म्हणजे एकीकडे साधारण नऊ रुग्ण.

गर्दीच्या सरकारी रुग्णालयात रात्री अशा कक्षात दोन परिचारिका असणे ही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे एकीच्या वाट्याला ३० रुग्ण. त्यातच खाटा भरल्यावर जमिनीवर गाद्या घातल्या जातात आणि त्यांची गणना कोणत्याही निकषात होत नाही. रात्रपाळी बारा तासांची धरली तर ७२० मिनिटे हातात असतात. रात्री आणि पहाटे अशी दोन वेळची औषधे व इंजेक्शने द्यायला प्रत्येक रुग्णामागे पाच मिनिटे लागली, तर त्यातच ३०० मिनिटे जातात. दर चार तासांनी नाडी, रक्तदाब, तापमान पाहून तक्त्यात नोंदवायला तीन मिनिटे धरली, तर तीन फेऱ्यांची २७० मिनिटे होतात. उरलेल्या अडीच तासांत नवे रुग्ण दाखल करून घेणे, सलाइन बदलणे, रक्त चढविलेल्या रुग्णाजवळ थांबणे, केसपेपर पूर्ण करणे, औषधांचा हिशेब लावणे, एखाद्या मृताचे शव नातेवाइकांच्या स्वाधीन करणे आणि जमल्यास दोन घास खाणे अभिप्रेत आहे. कक्षसेवक हजर नसेल तर रुग्णाची ट्रॉलीही ढकलावी लागते. सकाळी येणाऱ्या पाळीला ‘ओव्हर’ दिल्याखेरीज, म्हणजे प्रत्येक रुग्णाची स्थिती समजावून सांगितल्याखेरीज, सुटका नाही.

या गणितात प्रथम बळी पडते ते निरीक्षण. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा रक्तदाब हळूहळू उतरतो आहे, लघवीचे प्रमाण कमी झाले आहे, श्वास जलद झाला आहे, ही लक्षणे डॉक्टरांच्या फेरीपूर्वी परिचारिकेलाच दिसतात. ती वेळीच दिसली तर रुग्ण वाचतो. तीस रुग्णांत विभागलेली नजर ती टिपू शकेलच असे नाही. म्हणूनच परिचारिकांची अपुरी संख्या हा केवळ सेवाशर्तींचा वाद ठरत नाही. तो रुग्णाच्या जिवाशी निगडित प्रश्न ठरतो.

कंत्राट आणि वेतन

करोनाच्या साथीत तात्पुरत्या नेमणुकांवर शेकडो परिचारिका घेण्यात आल्या आणि लाट ओसरताच त्यांना मोकळे करण्यात आले. नियमित पदे भरण्याऐवजी बाह्यस्रोतांतून भरती करण्याच्या धोरणाविरोधात राज्यातील परिचारिकांनी मे २०२२ मध्ये संप केला. वेतनातील तफावत आणि कंत्राटी भरती हेच मुद्दे घेऊन जुलै २०२५ मध्ये त्या पुन्हा रस्त्यावर उतरल्या. संपकाळात शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, रुग्णांचे हाल झाले आणि टीकाही झाली. परंतु तीन वर्षांच्या अंतराने तोच मुद्दा परत येतो, याचा अर्थ पहिल्या वेळी तो सुटलाच नव्हता.

खासगी क्षेत्रातील चित्र याहून बिकट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने स्पष्ट शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकांइतके वेतन असावे. १०० हून अधिक खाटा असल्यास ते फार तर १० टक्के आणि ५० ते १०० खाटा असल्यास फार तर २५ टक्के कमी असावे. ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा २० हजार रुपयांपेक्षा कमी नसावे. अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली आणि शिफारस बव्हंशी कागदावर राहिली. भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ ची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संमत झाला. त्याचा रोख शिक्षण, नोंदणी व व्यावसायिक दर्जा यांवर आहे. किती रुग्णांमागे किती परिचारिका असाव्यात, याची सक्ती त्यातूनही होत नाही.

परिणामी, अनुभवी परिचारिका आखाती देश वा युरोपची वाट धरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. तरुणींना परदेशी संधी मिळणे स्वागतार्हच. परंतु स्वतःच्या रुग्णालयांतील रिक्त पदांचा प्रश्न कायम असताना हे घडते आहे, याची नोंद घ्यावी लागेल.

सुरक्षिततेचा प्रश्न

मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथीलच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्या जवळजवळ ४२ वर्षे अचेतनावस्थेत होत्या आणि त्यांची शुश्रूषा केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी केली. कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयातील घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती दल नेमताना सर्वोच्च न्यायालयाला याच प्रकरणाची आठवण द्यावी लागली. रुग्णालयांतील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कारावास व ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण रात्री दोन वाजता संतप्त जमावासमोर उभ्या असलेल्या परिचारिकेला कायद्याहून अधिक गरज असते ती दाराशी सुरक्षारक्षकाची, कुलूप लागणाऱ्या विश्रांतिकक्षाची आणि उजेड असलेल्या वाटेची.

उपाय अनाकलनीय नाहीत. प्रत्येक कक्षाच्या दाराशी त्या पाळीवरील परिचारिका व रुग्ण यांची संख्या रोज फलकावर लावण्याचे बंधन घातले, तरी पहिले पाऊल पडेल. नातेवाइकांना विलंबाचे कारण कळेल, प्रशासनाला ते लपविता येणार नाही आणि दुर्घटनेनंतरच्या चौकशीला पुरावा मिळेल. निकषांना कायद्याचे बळ देणे, रिक्त पदे नियमित भरतीने भरणे आणि परिसेविका व अधिसेविकांना मनुष्यबळाच्या निर्णयात स्थान देणे ही पुढील पावले. दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, रुग्णालयांत दीपप्रज्वलन होते आणि परिचारिकांच्या त्यागाचा गौरव केला जातो. त्यागाची ही भाषा प्रशासनाला सोयीची आहे, कारण त्यागाला पदसंख्या लागत नाही. रुग्णाला मात्र ती लागते.