कोड पुसण्याआधी
इंजिनाचा पिवळा दिवा कायम पेटलेला असेल तर दोष शोधणं सोपं. दोन दिवस पेटून गॅरेजच्या दारात विझणारा दिवा खरा ताप देतो. ‘गेला ना दिवा, मग चालवा बिनधास्त’ हा सल्ला मला साफ नामंजूर आहे. सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की गाडीचा संगणक दिवा मालवतो, पण दोषाचा कोड त्यानंतरही बराच काळ जपून ठेवतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की हा कोड वाचता येतो, आणि सोबत दोष पकडला त्या क्षणाची नोंदही: इंजिनाचे आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान. समजा पी०३०२ निघाला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसफायर, आणि कूलंट जेमतेम ३० अंश. तर खोट थंड इंजिनावर येते आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावून पाहावी. पुढे पी०३०३ आला तर कॉइलच गेली. पी०३०२च राहिला तर प्लग, इंजेक्टर, वायरिंग बघायचं. (पावसाळ्यात कनेक्टरमधली ओल आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी सगळ्यात आधी.) पण कित्येक गॅरेजांत स्कॅनर लावून पहिलं काम होतं ते कोड पुसण्याचं, आणि त्याबरोबर ती सगळी नोंद जाते. पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून घ्याच. दिवा लुकलुकत असेल तर मात्र वाट बघू नका, लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी बाजूला घ्या. मिसफायरमुळे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो महागडा भाग आतून वितळू शकतो.