जाड दांडा आणि उंच भार

पिकविलेला माल बाजारात सुखरूप पोचेपर्यंत शेतकऱ्याची काळजी संपत नाही. पूर्वी हे काम बैलगाडी करीत असे. आता असंख्य गावांतून ते पिकअप गाडी करते. नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाटाने कल्याणकडे उतरतो, नाशिकचा भाजीपाला कसारा घाटाने मुंबई गाठतो, आणि लासलगावच्या बाजार आवारात खुला कांदा भरलेल्या ट्रॉल्या व पिकअप गाड्या लिलावासाठी रांगेत उभ्या राहतात. भरलेली गाडी वळणावर फार झुकते, ही अशा गाड्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार होय. तिच्यावर एक उपाय सुचविला जातो. गाडीचा मूळचा अँटिरोल बार काढून त्याजागी अधिक जाड बार बसवावा, असा तो उपाय आहे.

हा उपाय शास्त्राला धरून आहे. परंतु तो शेवटचा उपाय आहे. तो पहिला म्हणून योजल्यास गाडी सुरक्षित झाल्याचा भास होतो, आणि धोका होता तेथेच राहतो.

बारचे कार्य

अँटिरोल बार, ज्याला पुष्कळ मिस्त्री स्टॅबिलायझर म्हणतात, हा स्प्रिंगच्या पोलादाचा वाकविलेला दांडा असतो. त्याचा मधला भाग रबरी बुशांत धरलेला असतो व दोन टोके डाव्या आणि उजव्या चाकाच्या बाजूंना जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर-खाली झाली, तर दांडा नुसता फिरतो. गाडी एका अंगावर कलली, की मात्र त्याला पीळ बसतो. चऱ्हाट वळताना पिळाचा जो उलटा जोर हाताला जाणवतो, तसाच जोर हे पोलाद लावते व गाडीचे कलणे कमी करते.

दांड्याचा ताठरपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. २४ मिलिमीटरच्या भरीव दांड्याऐवजी त्याच घडणीचा २७ मिलिमीटरचा दांडा बसविला, तर जाडी केवळ एक अष्टमांशाने वाढते. पण ताठरपणा सुमारे १.६ पट होतो. एवढ्याशा बदलाने गाडी चालकाच्या हाताला एकदम वेगळी लागते, ती ह्यामुळेच.

बार जे करीत नाही

गाडी उलटणे मुख्यत्वे दोन मापांवर अवलंबून असते. एक, डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर. दुसरे, भरलेल्या गाडीच्या गुरुत्वमध्याची जमिनीपासून उंची. चाकांमधील अंतराच्या निम्म्यास ह्या उंचीने भागले असता गाडीच्या स्थैर्याचा ढोबळ अंदाज मिळतो. चाकांमध्ये १४० सेंटिमीटर अंतर व गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर उत्तर १ येते. म्हणजे गाडीच्या एकूण वजनाइतका जोर बाजूने आला, तरच ती उलटेल. थप्पीवर थप्पी रचून गुरुत्वमध्य १०० सेंटिमीटरवर नेला, की हेच उत्तर ०.७ होते. स्प्रिंग व टायर दबत असल्याने प्रत्यक्षातील मर्यादा त्याहूनही कमी असते.

आता वळणाचा विचार करावा. ३० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर तिच्या वजनाच्या सुमारे ०.४२ पट बाजूचा जोर येतो. वेग ताशी ५० किलोमीटर झाला, की तो जोर सुमारे ०.६६ पट होतो. उंच भार व केवळ १० किलोमीटरचा जादा वेग गाडीला उलटण्याच्या सीमेवर आणून सोडतो.

जाड बारने चाकांमधील अंतर वाढत नाही आणि भाराची उंचीही घटत नाही. गाडीची वजन वाहण्याची क्षमता किंवा ब्रेकची शक्तीही तो वाढवीत नाही. त्याने कमी होते ते मुख्यतः कलणे, आणि कलणे ही गाडीने चालकास दिलेली सूचना असते. झुकणारी गाडी त्याला वेग कमी करण्यास सांगत असते. भार व वेग तेच ठेवून ही सूचना तेवढी दाबून टाकणे म्हणजे ताप न उतरविता तापमापक फेकून देण्यासारखे आहे.

ह्याशिवाय दोन तोटे ध्यानी घेण्याजोगे आहेत. शेताच्या खाचखळग्यांच्या वाटेवर ताठर बार एका चाकाचा हिसका दुसऱ्या बाजूसही पोचवितो, व खोल खड्ड्यात एखादे चाक जमिनीवरची पकड सोडू शकते. तसेच केवळ मागील बाजूचा बार फार ताठर केल्यास मागील टायरांची पकड आधी सुटते. बाजारातून रिकामी परतणारी गाडी पावसाळी निसरड्या रस्त्यावर शेपटीकडून घसरण्याचा संभव त्यामुळे वाढतो.

खर्चापूर्वीचा क्रम

म्हणून पैसा खर्च करण्यापूर्वी पुढील क्रम पाळणे हितावह ठरेल. प्रथम वजन पाहावे. नोंदणी प्रमाणपत्रात नमूद केलेले एकूण वजन व रिकाम्या गाडीचे वजन यांतील फरकातच माल, चालक व सोबतची माणसे बसली पाहिजेत. २० किलो टोमॅटोची ७५ कॅरेट म्हणजे १,५०० किलो माल झाला; कॅरेटचे स्वतःचे वजन त्यावर वेगळे धरावे लागते, व हिशेबात नेमके तेच विसरले जाते.

दुसरी बाब भरण्याच्या पद्धतीची. जड माल तळाशी व हलका वर ठेवावा, डावी-उजवी बाजू समान राखावी आणि दोर घट्ट आवळावेत. कडबा वजनाला हलका असला, तरी उंच रचल्यास तोही गुरुत्वमध्य वर नेतो व वारा धरतो. फवारणीच्या पाण्याची अर्धवट भरलेली टाकी विशेष फसवी असते. वळणावर आतील पाणी एका अंगाला धावते. शक्य तर टाकी पूर्ण भरून अथवा पूर्ण रिकामी करून न्यावी. अधिक माल बसावा म्हणून जादा पाटे घालण्याची प्रथाही तपासून पाहावी. त्याने गाडी उंच होते. तिची मान्य क्षमता मात्र वाढत नाही.

तिसरी बाब दुरुस्तीची. टायरमधील हवा, झिजलेले टायर, तुटलेले पाटे, गळके शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि बारचे फाटलेले बुश हे दोष आधी दूर करावेत. ढिल्या बुशांत नवा जाड बार बसविणे म्हणजे मोडक्या जुवाला नवा नांगर जोडणे होय. पुष्कळदा बुश बदलण्याच्या अल्प खर्चातच तक्रार मिटते.

इतके करूनही गाडी अवाजवी झुकत असेल, किंवा तिच्यावर दुधाची टाकी अथवा उंच पिंजरा कायमचा बसविलेला असेल, तर बार बदलण्याचा विचार रास्त ठरतो. तोही गाडीच्या निर्मात्याच्या अधिकृत सल्ल्यानेच करावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील व निर्मात्याची मूळ रचना यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकास आपल्या मर्जीने करता येत नाही.

एका फेरीचा मोह

एकाच फेरीत सर्व माल नेला नाही तर भाडे परवडत नाही, असे शेतकरी सांगतात. त्यात तथ्य आहे. डिझेल महाग, लिलावाची वेळ ठरलेली आणि भाव दिवसागणिक बदलणारा. अशा स्थितीत दुसरी फेरी जिवावर येते. परंतु २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाबद्दल २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि उलटलेल्या गाडीतील टोमॅटोला कोणताच भाव मिळत नाही. शेजाऱ्यांनी मिळून फेऱ्या वाटून घेणे, शेतकरी उत्पादक कंपनीने वाहतुकीचे वार ठरविणे, हा मार्ग जाड बारापेक्षा अधिक फलदायी आहे.

सर्वांत गंभीर बाब मालावर बसून जाणाऱ्या मजुरांची. ६० किलो वजनाची आठ माणसे थप्पीच्या माथ्यावर बसली, की जवळजवळ अर्धा टन भार गाडीच्या सर्वांत उंच जागी चढतो. गाडी उलटली, की सर्वांआधी फेकली जातात ती हीच माणसे. कापणी वा तोडणी आटोपून घरी निघालेल्या स्त्री-पुरुषांचा जीव कोणत्याही जाडीच्या पोलादावर सोपविता येणार नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे व खताबरोबर हा विषयही शेतकरी मेळाव्यात घ्यावा. माल भरण्याच्या जागी उभे राहून वजनाचा हिशेब करून दाखवावा, वरची थप्पी उतरवून घ्यावी आणि मजुरांसाठी वेगळ्या वाहनाचा आग्रह धरावा. गाडीचा तोल प्रथम भरणाऱ्याच्या हातात असतो व नंतर चालकाच्या. पोलादी दांड्याचा क्रम त्यानंतर लागतो.